थोरल्यांनी बर्फ पाडला

"फ्रिज? फ्रिज म्हणजे काय हो, थंड कपाट! त्यात न समजण्यासारखं आहे काय?"

असं म्हणत थोरल्या जावयांनी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि सासूबाईंच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं. मागून त्यांची बायको पुटपुटली, "घरच्या नळाला महिनाभर चिंधी बांधून ठेवलीय, आणि निघाले बर्फ पाडायला!" पण हे त्यांना ऐकू गेलं नाही. अशा वेळी त्यांना काहीच ऐकू जात नसे.

सासूबाईंच्या फ्रिजमधला बर्फ पडायचा थांबला होता. हा फ्रिज स्वतःच बर्फ करणारा. कसा करतो, ते सांगतो. अगदी सोपं आहे. सिंकखाली एक छोटा नळ असतो. त्याला बोटापेक्षा बारीक अशी पांढरी नळी जोडलेली असते, ती ओट्यामागून सरपटत फ्रिजच्या पाठीत शिरते. फ्रिज ते पाणी गाळतो, साच्यात सोडतो, गोठवतो आणि तयार वड्या टोपलीत टाकतो. टोपली भरली की वड्यांच्या ढिगामुळे तारेचा एक दांडा वर उचलला जातो. मग यंत्र समजतं, पुरे झालं! आता टोपली रिकामी आहे, दांडा खाली आहे, तरी वडी पडत नाही, तर काय असेल? बरोबर, पाणी पोचत नसेल. तुम्हाला कळलं. थोरल्यांना मात्र यापेक्षा वेगळंच काही कळून घ्यायचं होतं.

कारण हा फ्रिज बसवला होता धाकट्या जावयांनी!

धाकट्या मेहुणीचं लग्न होईपर्यंत या घरात जावई एकच होता. बल्ब गेला, बोलवा जावयांना. कडी निसटली, बोलवा जावयांना. मग हे धाकटे आले. उंच, हसतमुख, आणि कुठल्याही कामाला "आई, मी करतो ना!" म्हणणारे. त्यांनी नवा फ्रिज आणला, बसवला, आणि पहिली वडी टोपलीत टपकली तेव्हा सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हातात जादू आहे हो यांच्या!"

जादू! तो शब्द थोरल्यांच्या घशात काट्यासारखा अडकला. इतकी वर्षं बल्ब बदलले, तर सासूबाईंकडून काय ऐकायला मिळालं? "सांभाळा, स्टूल हलतंय!"

सध्या सासूबाईंचा गुडघा सुजला होता आणि डॉक्टरांनी बर्फाने शेकायला सांगितलं होतं. बर्फ नाही म्हणून त्या गुडघ्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी बांधून बसल्या होत्या.

"धाकट्यांना फोन केलाय मी," त्या म्हणाल्या. "येतीलच एवढ्यात."

"त्यांना कशाला त्रास?" थोरल्यांच्या कपाळाची शीर उडाली. "ते यायच्या आत बर्फ पडलेला असेल!"

आणि त्यांनी थेट गाळणीवर झडप घातली, कारण गाळणी धाकट्यांनी लावली होती. फ्रिजच्या आत कोपऱ्यात ती छोट्या बाटलीसारखी बसलेली असते. हलकेच फिरवली की सुटते. थोरल्यांनी हलकेच फिरवली नाही. त्यांनी फ्रिजला पाय लावून ती ओढली.

"उलटी बसवलीय!" ते ओरडले.

"ती उलटी बसतच नाही हो," बायको म्हणाली.

तेवढ्यात गाळणी सुटली, थोरले जमिनीवर बसले आणि मागोमाग अंड्यांचा ट्रे त्यांच्या मांडीत आला. गाळणी कोरी करकरीत निघाली. थोरल्यांनी ती उजेडात धरून पाहिली, हुंगली, आणि अतिशय नाइलाजाने परत लावली.

दारात धाकटे उभे!

"दादा, मी काही मदत करू?"

"नको."

"टॉर्च तरी धरू?"

"माझे डोळे शाबूत आहेत."

"अंडं लागलंय हो तुमच्या कानाला."

"असू दे!"

थोरल्यांनी फ्रिज ओढून पुढे घेतला, मागे शिरले आणि नळी सोडवली. पाणी येतं का ते बघायचं, म्हणून तिचं टोक पातेल्यात धरलं. इथवर सगळं रीतसर होतं, हे कबूल केलंच पाहिजे.

"दादा, आधी सिंकखालचा नळ बंद करू का?" धाकट्यांनी नम्रपणे विचारलं.

"बंद केला तर पाणी येतंय की नाही ते कळणार कसं? हे शास्त्र आहे. जादू नव्हे!"

पातेल्यात एक थेंबही आला नाही.

"बघा!" थोरल्यांना आनंद झाला, डॉक्टरांना आवडता आजार सापडावा तसा. "पाणीच नाही! कुणीतरी नळ अर्धवट उघडलेला दिसतोय." 'कुणीतरी' म्हणताना त्यांनी धाकट्यांकडे असं पाहिलं, की भिंतीलाही समजावं. ते तुरुतुरु सिंकखाली गेले, नळ फिरेल तितका फिरवून पुरता उघडला आणि परत फ्रिजमागे आले.

तरीही थेंब नाही.

मग त्यांनी नळी हाताने चाचपली, आणि टोकापासून थोड्या अंतरावर त्यांची बोटं थबकली. नळी तिथे दुमडून चप्पट झाली होती!

थोरल्यांनी नळी झटकन मुठीत झाकली. कारण ती कशी दुमडली, हे जगात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. गेल्या खेपेला सगळे फ्रिजचं कौतुक करत असताना ते म्हणाले होते, "हा असा मधेच काय उभा केलाय, रस्ता चुकलेल्या माणसासारखा!" आणि खांदा लावून फ्रिज भिंतीला टेकेपर्यंत मागे रेटला होता. धाकटे तेव्हा म्हणाले होते, "दादा, मागे जरा जागा..." पण ते वाक्य थोरल्यांनी पुरं होऊ दिलं नव्हतं.

आता? धाकट्यांनी हे पाहिलं तर? सासूबाईंना कळलं तर? मग इथून पुढे स्टूलसुद्धा हलायचं नाही, कारण त्यावर चढायला कुणी बोलावणारच नाही! कुणाला दिसायच्या आत ही दुमड सरळ करायला हवी. थोरल्यांनी पातेलं बाजूला सारलं, नळी दोन्ही हातांत धरली आणि अंगठ्याने दुमड दाबली.

दुमड सुटली. नळ पुरता उघडा होता, हे तुमच्या लक्षात असेलच. थोरल्यांच्या नव्हतं.

फर्रर्र!

पहिली धार थोरल्यांच्या नाकात. ते शिंकले, नळी हातून सुटली आणि स्वयंपाकघरभर नाचत सुटली! छत भिजलं, पिठाचा डबा भिजला, बायकोची नवी साडी भिजली. थोरल्यांनी नळी पकडून तिच्या तोंडावर अंगठा ठेवला, तर एका धारेच्या दहा झाल्या!

"अहो, बंद करा!"

"करतोय!"

ते सिंकखाली सूर मारून गेले आणि नळ सगळा जोर लावून फिरवू लागले. तोंड लाल झालं, मानेच्या शिरा फुगल्या, पण नळ हलेना.

"दादा," शेजारी उकिडवे बसत धाकटे म्हणाले, "तो उघडायच्या बाजूला फिरवताय." आणि त्यांनी दोन बोटांनी नळ उलट फिरवला. पाणी थांबलं.

दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बाई छत्री घेऊन उभ्या होत्या.

"आमच्या ओट्यावर पाणी गळतंय!"

"जावई आलेत माझे," सासूबाई ओशाळून म्हणाल्या.

"किती?"

"दोघंही."

"मग बादली लावते," म्हणत बाई खाली गेल्या.

सासूबाई मटारची पिशवी धरून लंगडत आत आल्या. ओल्या जमिनीवरून त्यांनी नळी उचलली आणि नेमका तोच भाग त्यांच्या डोळ्यांसमोर आला.

"अगं बाई! ही अशी दुमडली कशी?"

स्वयंपाकघरात नुसती टपटप ऐकू येत होती. धाकट्यांनी थोरल्यांकडे पाहिलं. थोरल्यांनी छताकडे पाहिलं. सगळं संपलं, असं त्यांच्या मनात आलं.

"चूक माझीच, आई," धाकटे शांतपणे म्हणाले. "नळी मी नीट ठेवायला हवी होती. खरं सांगू? मला यातलं काही कळत नाही. त्या दिवशी जमलं ते नशीब. दादांनी बघा कसं बरोबर शोधून काढलं! इथून पुढे तुम्ही सगळं दादांनाच सांगत जा."

थोरल्यांना स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. त्यातल्या एका कानात अजून अंडं होतं. त्यांच्या बायकोने मात्र डोळे बारीक करून धाकट्यांकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

मग काय विचारता! थोरल्यांनी नळीचा दुमडलेला तुकडा पात्याने सरळ कापून टाकला, उरलेलं टोक घट्ट बसवलं, नळीची सैलसर वेटोळी मागे सोडली आणि फ्रिज भिंतीपासून वीतभर दूर ठेवला. हे सगळं करताना ते धाकट्यांना मोठ्या मायेने समजावत होते. "मागे जागा लागते, बरं का! रेटून लावायचा नाही कधी." धाकटे मान डोलावत होते.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. "पडला हो बर्फ! मटार सुटले बिचारे! तुमच्या हातात खरंच जादू आहे!" थोरल्यांनी तो फोन स्पीकरवर टाकला, आणि बायको दुसऱ्या खोलीत होती म्हणून सासूबाईंना पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

पुढच्या रविवारी थोरल्यांना बोलावणं आलं. सिंकखालचा नळ ठिबकत होता. इतक्या जोराने पिरगाळल्यावर ठिबकणारच. पंखा कुरकुरत होता. गीझर तापत नव्हता. माळ्यावरच्या टाकीत काहीतरी वाजत होतं. खालच्या बाईंनीही निरोप ठेवला होता, की छताला रंग लावायचाय, तुमच्या जादूवाल्या जावयांना पाठवा.

थोरले सिंकखालच्या अंधाऱ्या कपाटात उताणे पडले होते. पाठीखाली पाइपाचा सांधा टोचत होता आणि डोळ्यांत गंज पडत होता. बाहेरच्या खोलीत धाकटे सोफ्यावर पाय पसरून बसले होते. त्यांच्या सरबताच्या ग्लासात बर्फ किणकिणत होता.

"आई, बर्फ काय सुरेख पडलाय!"

"घ्या ना आणखी! तुम्ही किती दमून येता." मग सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि कपाटातून बाहेर आलेल्या दोन पायांना म्हणाल्या, "तुम्हालाही सरबत केलं असतं हो. पण पाणी तुम्हीच बंद करून ठेवलंय ना!"

थोरल्यांनी डोळ्यांतला गंज पुसला. धाकट्यांचा हेवा आपण आजवर करत आलो, असं त्यांना वाटायचं. तो नुसता सराव होता, हे त्यांना आत्ता कळलं.