दारापासून समान अंतरावर

नारपोलीतील एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दीपेश आणि मृणाली या नवविवाहित दांपत्याची बेडरूम आहे. लांबी दहा फूट, रुंदी नऊ फूट. लग्नात या खोलीला तीन लोखंडी कपाटे मिळाली. खोलीला म्हणण्याचे कारण असे की, दांपत्याला त्यांचा उपयोग झाल्याची नोंद नाही.

पहिले कपाट मुलीचे वडील, खारबावचे केसरीनाथ यांनी रीतीप्रमाणे दिले. दुसरे दीपेशच्या आत्या, गणेशपुरीच्या आनंदीबाई यांनी हौसेने दिले. तिसरे कुमारशेठ यांनी दिले. ते गेल्या दोन निवडणुकांपासून वॉर्डाचे भावी नगरसेवक आहेत. तिन्ही कपाटांच्या दारांवर देणाऱ्याचे नाव ‘सप्रेम भेट’ म्हणून रंगवून घेतले होते. कुमारशेठच्या दारावर त्यांचा हात जोडलेला पूर्णाकृती फोटो आणि खाली शुभेच्छुक म्हणून सतरा कार्यकर्त्यांचे चेहरेही होते.

दीपेश गोदामात डिस्पॅच सुपरवायझर आहे. लाखभर चौरस फुटांत फ्रीजपासून चपलांपर्यंत काय कुठे ठेवायचे, हे तो डोळे मिटून सांगतो. त्याने चौकटीच्या कागदावर नकाशा काढला. तिन्ही कपाटे लांब भिंतीला ओळीने, समोर पलंग, मध्ये माणूस उभा राहील एवढी वाट. नकाशात चूक नव्हती. फक्त त्यात माणसे धरलेली नव्हती.

पूजेला आनंदीबाई आल्या. त्यांचे कपाट भिंतीच्या कडेला होते आणि खोलीचे दार उघडले की अर्धे झाकले जात होते. आत्यांनी चहा घेतला नाही.

“मी बाळारामाची थोरली बहीण हाय,” त्या म्हणाल्या. “माझं नाव दाराच्या आड. मग दिलं कशाला मी?”

प्रश्न बिनतोड होता. दीपेशच्या वडिलांनी, म्हणजे बाळाराम यांनी, त्याच दुपारी कपाटांची अदलाबदल करून घेतली. पुढच्या रविवारी केसरीनाथ आले, दाराआड गेलेले आपले कपाट त्यांनी पाहिले आणि काही बोलले नाहीत. ते कधीच काही बोलत नाहीत. त्यांनी भावाला फोन केला, आणि भाऊ बाळारामांशी पाऊण तास बोलला. मुलीकडच्यांना कोपऱ्यात ढकलायची ही पद्धत कुठली, एवढेच त्याला विचारायचे होते.

मग कुमारशेठचा कार्यकर्ता लडकू मोबाइलवर फोटो काढायला आला. शेठ कडेला गेलेले पाहून त्याने मोबाइल खिशात ठेवला.

“शेठचा फोटो साइडला लागत न्हाय. मधी लागतो.”

“अरे, हा बॅनर नाही. कपाट आहे,” दीपेश म्हणाला.

लडकूने कपाटाकडे पाहिले, मग दीपेशकडे. “फोटो हाय ना?”

अखेर बाळारामांनी हॉलमध्ये बैठक बोलावली. इतिवृत्त ठेवण्यात आले. दरमहा आळीपाळीने पहिले कपाट बदलावे, हा प्रस्ताव दिवाळी कोणाच्या महिन्यात येणार या मुद्द्यावर फेटाळला गेला. सर्व कपाटांची तोंडे भिंतीकडे करावीत, अशी सूचना मृणालीने केली. ती सूचना इतिवृत्तातून वगळण्यात आली. शेवटी असा ठराव झाला की, तिन्ही कपाटे दारापासून समान अंतरावर, दाराकडे तोंड करून, अर्धवर्तुळात उभी करावीत. टेप आणला गेला. प्रत्येक पक्षाने स्वतः मोजले. उंबऱ्यापासून साडेपाच फूट. दारात उभे राहिले की सभामंचासमोर उभे असल्यासारखे वाटे. लडकूने सवयीने हात जोडले.

अर्धवर्तुळाच्या मागे एक तिरपी फट उरली. पलंग तिच्यात मावेना, आणि कपाटांपुढे ठेवला तर नावे झाकत होती. पलंगावर कोणाचेच नाव नव्हते, तो दीपेशने स्वतः घेतला होता. त्यामुळे बैठकीत त्याची बाजू मांडायला कोणी नव्हते. तो खोलून गच्चीवर पाठवण्यात आला.

“मग आम्ही झोपायचं कुठे?” मृणालीने विचारले.

नव्या सुनेने चारचौघांत हा विषय काढावा हे कोणालाच आवडले नाही. आक्का, म्हणजे तिच्या सासूबाई, तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तेव्हापासून ती तिथेच, आक्कांच्या शेजारी झोपते. दीपेश गॅलरीत वॉशिंग मशीनच्या बाजूला झोपतो.

दरम्यान, मृणालीने आत्यांच्या कपाटात दोन साड्या ठेवल्याची बातमी बाहेर गेली. केसरीनाथ पुन्हा काही बोलले नाहीत. आपल्या कपाटात काय ठेवले, म्हणून शेठच्या ऑफिसातून विचारणा झाली. पक्षपात टाळण्यासाठी तिन्ही कपाटे रिकामी करून कुलपे लावण्यात आली आणि किल्ल्या देणाऱ्यांच्या ताब्यात दिल्या. साड्या आता तांदळाच्या पिंपावर पिशवीत असतात.

असे आठ महिने गेले. मग नातेवाइकांत काळजी पसरली. अजून काही विशेष कसे नाही? पुन्हा बैठक झाली. कोणी डॉक्टर सुचवला, कोणी नवस. आत्यांनी गणेशपुरीच्या कुंडात आंघोळ सांगितली. दीपेश हळूच म्हणाला, “पलंग.” इतिवृत्तात ‘चिरंजीव काहीतरी पुटपुटले’ अशी नोंद आहे.

बैठक उठता उठता आत्यांनी पाळणा आपल्याकडून जाहीर केला. पहिला पाळणा माहेरचा असतो, असे केसरीनाथांच्या भावाने फोनवर कळवले. लडकूने शेठना विचारून सांगितले की पाळण्याला दोन्ही बाजूंनी फोटो लागेल. तिन्ही पाळण्यांसाठी कपाटांपुढची जागा राखून ठेवण्यात आली आहे.

मागच्या महिन्यात दीपेशचा चुलतभाऊ कुणाल याचे लग्न झाले. मृणाली म्हणाली, आपण पाकीट देऊ. बिचाऱ्यांना खोलीत वावरता तरी येईल. दीपेशने बराच विचार केला.

“पाकिटावरचं नाव कोण वाचतं?” तो म्हणाला.

त्यांनी कपाट दिले. नाव मृणालीने स्वतः पेंटरजवळ उभे राहून घालून घेतले, आत्यांच्यापेक्षा दोन बोटे मोठे. पूजेच्या दिवशी दोघे कुणालची खोली पाहायला गेले. पलंग प्रशस्त होता. त्यांचे कपाट मात्र पलंगाच्या पलीकडे, खिडकीशी होते. दीपेशने खिशातून टेप काढला. मृणालीने दुसरे टोक उंबऱ्याशी धरले.

त्या दोघांनी चहा घेतला नाही.

तुम्हाला हसू येणे स्वाभाविक आहे. तुम्ही असली कपाटे देत नाही, स्टीलचा डबा देता. गेल्या वेळी भाचीकडे जेवायला गेला होतात, तेव्हा ती पाणी आणायला आत वळल्यावर ओट्यावरचा डबा उचलून तुम्ही उलटा केलात आणि खालचे नाव वाचलेत. दुसऱ्याच कोणाचे होते. तेव्हापासून तुम्ही तिच्याकडे गेलेला नाहीत.