मोजणीचा आठवडा

दूध वर येऊ लागलं तसे कपातराव लगबगीने पुढे झाले आणि त्यांनी बर्नर बंद केला. दूध बिचारं पातेल्याच्या काठापर्यंत येऊन परत खाली बसलं.

"अहो, उकळी तरी फुटू द्या त्याला!" बायको म्हणाली.

"उकळीआधी काय, उकळीनंतर काय, दूध तेच. जातो तो गॅस."

कपातराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते गॅस खात्यात होते. देशात गॅस कमी, बाहेरून आणावा तर भाव डोळे पांढरे करणारा, म्हणून घरोघरच्या पाइपवर मर्यादा घालायचं धोरण ज्या टेबलावर शिजत होतं, ते टेबल त्यांचं. इमारतीने हे नाव आपल्याला प्रेमाने ठेवलंय, अशी त्यांची समजूत होती.

आज मात्र स्वारी खुशीत होती. स्वयंपाकघराचं दार लोटून ते हळूच म्हणाले, "कुणाला बोलू नकोस हं. उद्यापासून मोजणीचा आठवडा. या आठवड्यात ज्या घराने जेवढा गॅस वापरला, तेवढाच त्याचा वर्षभराचा कोटा. दिवसाचा वाटा संपला की मीटर आपोआप बंद. कल्पना माझी!"

बायकोने कांदा चिरता चिरता क्षणभर विचार केला. "म्हणजे या आठवड्यात जो जास्त जाळेल, त्याला वर्षभर जास्त मिळणार?"

"असं कोण करेल?"

"मी करीन."

"अगं, नियम करणाऱ्याच्या घरात असलं काही शोभतं का? उलट आपण आदर्श घालून द्यायचा. अंघोळ गार पाण्याने, चहा एकदाच आणि कडधान्यं बंद."

"आणि मग या आदर्शावर वर्षभर जगायचं?"

"होते सवय," कपातराव म्हणाले आणि त्यांनी विषय मिटवला.

बायकोने शब्द पाळला, कुणाकडे चकार शब्द काढला नाही. पण दाराबाहेर कपातरावांच्या आई बसल्या होत्या. त्यांचा एक कान नुसता नावाला होता, दुसरा मात्र दोघांचं काम करायचा. शिवाय त्यांना कुणी 'बोलू नकोस' म्हणून बजावलंही नव्हतं. त्यांनी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या सासूबाईंना तेवढं सांगितलं, आणि तेही 'कुणाला सांगू नका' असं बजावून. बातमी पसरायला याहून उत्तम व्यवस्था नाही.

दुसऱ्या दिवशी कपातराव जिना उतरायला लागले तर जिन्यात ही वाफ! डॉक्टरांचं दार उघडं होतं आणि आत चारही बर्नरवर पातेली खदखदत होती.

"काय चाललंय, डॉक्टर?"

"निर्जंतुक करतोय."

"काय?"

"दिसेल ते," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पाण्यात एक चप्पल सोडली.

ते तसेच वर धावले, तर वरच्या मजल्यावर निवृत्त गुरुजी शेगडीपुढे खुर्ची टाकून पेपर वाचत होते. शेगडीवर भांडंसुद्धा नव्हतं, नुसत्याच ज्योती.

"गुरुजी, हा देशाचा गॅस आहे!"

"मग आम्ही काय परदेशातून आलोय?" गुरुजींनी पान उलटलं. "जरा बसा, ऊब छान आहे."

कपातरावांना घाम फुटला. तो नुसत्या उबेचा नव्हता. बातमी फुटली कुठून, हे उघड झालं असतं तर बढती राहिलीच, नोकरीवरच गदा आली असती. त्यांनी अळीमिळी गुपचिळी केली. गुरुजींच्या बहिणीच्या तीन लेकी शहराच्या पार टोकाशी राहत होत्या आणि डॉक्टरांकडे रोज गावभरची माणसं आ वासून बसत. आठवडा संपेपर्यंत सगळं शहर काही ना काही उकळत होतं. एका घरात मात्र सकाळचा एकच चहा होत होता, आणि तो पिताना कपातरावांखेरीज कुणीही खूश नव्हतं.

आकडे आले तेव्हा सचिव मॅडमनी कागद टेबलावर आपटला.

"ही घरं आहेत की वीटभट्ट्या? एवढा गॅस आणायचा तर देश गहाण टाकावा लागेल!" मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "हे एक घर बघा. सगळ्यात कमी. कुणाचं आहे?"

"माझं, मॅडम," कपातराव म्हणाले.

मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "एवढ्याशा गॅसवर घर चालतं? मला पटत नाही. शनिवारी संध्याकाळी तुमच्याकडे जेवायला येते. ताटात बघितल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. आणि खरं निघालं, तर विभागप्रमुखाची खुर्ची तुमची."

ज्या खुर्चीसाठी कपातरावांनी अर्धं आयुष्य फायलींत घातलं होतं, ती अशी जेवणाच्या ताटावर येऊन अडकली.

मोजणीनुसारचे कोटे तोवर लागू झाले होते. शनिवारी बायकोने भात चढवला. तो अर्धा कच्चा असतानाच मीटर 'टक्' करून बंद पडला.

"झाला तुमचा आदर्श," बायको म्हणाली.

"आता गं?"

बायकोने पदर खोचला. भाताचं पातेलं उचलून ती डॉक्टरांकडे गेली. रस्सा गुरुजींकडे चढला आणि भाजी समोरच्या शिवणकामवाल्या ताईंकडे. सगळ्यांकडे गॅस रग्गड होता. कपातरावांना ते काही म्हणोत, त्यांच्या बायकोला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. मॅडम आल्या तेव्हा मागच्या दाराने एकेक भांडं वाफाळत आत येत होतं. गुरुजींनी तर गोडाचं स्वतःहून करून पाठवलं.

मॅडम पोटभर जेवल्या; कपातराव वाढत उभे होते. रस्सा दुसऱ्यांदा घेताना त्यांनी विचारलं, "खरं सांगा, हे सगळं या एवढ्याशा कोट्यात?"

"कुठलं हो," आई मोकळेपणाने म्हणाल्या, "भात तर खालच्या—"

कपातरावांना जोराचा ठसका लागला. इकडे आड तिकडे विहीर. खरं बोलावं तर खुर्ची जाते, खोटं बोलावं तर बायको ऐकतेय. ते पाणी प्यायले, त्यांनी बायकोकडे पाहायचं टाळलं आणि ते म्हणाले, "हो मॅडम. आमच्या शेगडीवर. एवढ्यात सगळं भागतं."

"शाब्बास!" मॅडमचा चेहरा उजळला. "मग ती शहराची मोजणी गेली खड्ड्यात. सोमवारपासून सरसकट सगळ्या घरांना तुमच्या घराएवढाच कोटा. तुम्हीच विभागप्रमुख, तुम्हीच राबवा."

मॅडम गाडीत बसून गेल्या. कपातराव हात जोडून दारात उभे होते. जिन्यात डॉक्टर, गुरुजी आणि ताई आपापली झाकणं-वाट्या न्यायला आले होते, आणि त्यांनी मॅडमचा शब्द न् शब्द ऐकला होता. तिघंही आत शिरली. ताईंनी आपलं झाकण उचललं. डॉक्टरांनी टेबलावरचा उरलेला भात उचलला. कपातराव आत येऊन गोडाची वाटी उचलतात तोच गुरुजींनी ती काढून घेतली आणि त्यातला चमचाही.

"अभिनंदन, साहेब," बायको म्हणाली. "तुम्ही अजून जेवला नाहीत ना?"