बर्मिंगहॅमला जाणाऱ्यांसाठी नेरूरकर

नेरूरकर काकांनी मला आमच्याच घरातल्या बेसिनपाशी उभं करून तोंड कसं धुवायचं ते शिकवलं, तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो. बेसिनच्या एका कडेला उकळत्या पाण्याची किटली, दुसऱ्या कडेला माठातल्या पाण्याचा तांब्या आणि मध्ये मी.

"तिकडे नळ दोन असतात. एक कातडी सोलतो, दुसरा हाडं गोठवतो. मधलं काही मिळत नाही. प्रॅक्टिकल सांगतो, आधी बूच लाव, मग थंड सोड, मग गरम, आणि मग तोंड. घाई केलीस तर भाजलेलं तोंड घेऊन मीटिंगला बसशील."

आमच्या बेसिनला बूच नव्हतं. काकांनी आईकडून एक लिंबू मागून घेतलं आणि ते भोकात दाबून बसवलं. एरवी आई हसून लोटपोट झाली असती. त्या दिवशी ती नुसती दाराला टेकून बघत राहिली.

मी भांडुपच्या एका कारखान्यात इंजिनीअर होतो. गिअर घासायचं एक मोठं मशीन कंपनी बर्मिंगहॅमहून आणत होती आणि ते जहाजावर चढण्याआधी तपासायला मला तीन आठवडे पाठवणार होते. ही बातमी मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये फुटली आणि तळमजल्यावरचे नेरूरकर काका त्याच संध्याकाळी वर आले.

काका रिटायर्ड होते. एकटेच राहायचे. नोकरीत असताना कंपनीने त्यांना एकदाच, तीन महिने, बर्मिंगहॅमला धाडलं होतं. त्या एका फेरीच्या जोरावर त्यांनी अर्ध्या मुलुंडला इंग्लंडसाठी तयार केलं होतं. तुम्ही लंडनला चाललात की लीड्सला, याने काही फरक पडत नसे. काका बर्मिंगहॅमच सांगत.

दुसऱ्या मजल्यावरचे शहाशेठ पितळी नळांच्या ऑर्डरी मिळवायला निघाले, तेव्हा काकांनी त्यांना सरकत्या जिन्याची प्रॅक्टिस दिली होती. आमच्याच जिन्यावर. "शेठ, उजवीकडे चिकटून उभे राहा. डावी बाजू घाईवाल्यांची." शहाशेठचा देह असा, की ते उजवीकडे उभे राहिले तरी डावी बाजू उरत नसे. खालून गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा भय्या, वरून शाळेला निघालेली पोरं, सगळे अडकून पडले. काका वरच्या पायरीवरून ओरडत होते, "एक्स्क्यूज मी म्हणा! तिकडे धक्का मारत नाहीत!"

बोलण्याचं तर त्यांच्याकडे वेगळं खातंच होतं.

"'हाऊ आर यू' विचारलं की प्रकृती सांगू नको. आमच्या खात्यातल्या एकाने ॲसिडिटी सांगितली होती, पहिल्या ढेकरेपासून. आपणही 'हाऊ आर यू' म्हणायचं आणि चालू लागायचं."

"आणि कामाचं?"

"'नॉट बॅड' म्हणाला की समज, एकदम झकास. 'क्वाइट इंटरेस्टिंग' म्हणाला की वाट लागली. 'बघू या' म्हणाला तर ते कोणी बघत नाही, कागदावर घे. पबमध्ये नेतील, जायचं. तू बिअर नाही पीत, लिंबाचं काहीतरी माग. पण आपली पाळी आली की सगळ्यांचे ग्लास आपण आणायचे. त्यात चुकलास तर दुसऱ्या दिवशी मशीनबद्दलसुद्धा तोंड उघडणार नाहीत."

हे सगळं ठीक होतं. पण काकांना बारीकसारीक प्रश्न विचारायची फार खोड. सकाळी आंघोळ आधी की नाश्ता आधी? अंडं खाणार का? बसमध्ये खाली बसणार की वर?

"काका, तिथे गेल्यावर ठरवू ना."

"नाही. आत्ता ठरव. आणि ठरवलंस की बदलू नको."

मी वैतागून सांगितलं, आंघोळ आधी, अंडं खाईन, बसमध्ये वर, पुढच्या सीटवर. काकांनी मान डोलावली.

मला खरी काळजी आईची होती. वडील गेल्यापासून आम्ही दोघंच होतो. ती कधी एक रात्रसुद्धा एकटी राहिली नव्हती. जाऊ नको असं ती एकदाही म्हणाली नाही, पण मी बॅग भरायला घेतली तसं तिचं जेवण कमी होत गेलं. मी निघालो त्या दिवशी ती ताटावरून तशीच उठली. विमानात बसल्यावर मला तेवढंच आठवत राहिलं.

बर्मिंगहॅममध्ये काकांचं बोलणं अक्षरशः पावलोपावली उपयोगी पडलं. पहिल्या सकाळी मी बूच लावून तोंड धुतलं. चौथ्या दिवशी मशीनच्या एका स्पिंडलला मला हलकीशी थरथर जाणवली. तिथल्या मॅनेजरला दाखवली. तो हसून म्हणाला, "क्वाइट इंटरेस्टिंग." एरवी मी खूश झालो असतो. आता काकांचं 'वाट लागली' आठवलं. मी त्याच्याइतकंच गोड हसून म्हटलं, हे कागदावर द्याल का? त्याने माझ्याकडे नीट बघितलं, आणि दुपारी स्पिंडल उघडला. बेअरिंग खराब निघालं.

काम फत्ते झालं, पण संध्याकाळी खोलीत आलो की आईचं ते ताट डोळ्यांसमोर यायचं. फोन आमच्या घरी नव्हता. पत्र टाकलं, ते माझ्यानंतर पोचलं.

परत आलो तेव्हा दारात आई उभी. चांगली टवटवीत. मी बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाली, "काय रे, वरच्या मजल्यावर पुढे बसून थंडी नाही वाजायची? काच गळते म्हणे त्या बसची."

"तुला कोणी सांगितलं?"

"भाऊजींनी. रोज यायचे."

नेरूरकर काका रोज दुपारी वर येत होते. घरात बाईमाणूस एकटं, म्हणून आत पाऊल टाकत नसत. घडीची खुर्ची बाहेर पॅसेजमध्ये मांडायची, आमचं दार सताड उघडं, आणि तिथून मोठ्याने बोलायचं. आपल्याकडची दुपार म्हणजे तिकडची सकाळ. "वहिनी, उठला. आता आंघोळ चाललीय. आता खाली उतरला, अंडं आलं पुढ्यात. टोस्ट गार असतो, पण खातोय."

"तू खातोयस म्हटल्यावर मीपण पान वाढून घ्यायची," आई म्हणाली. "तुझा नाश्ता आणि माझं जेवण एकदमच व्हायचं."

मी तसाच खाली गेलो. त्यांच्यासाठी एक लोकरी मफलर आणला होता. काका तांदूळ निवडत बसले होते. मला बघताच मालवणी बाहेर आली. "इलंस? ये, बस." मफलर त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि मांडीवर ठेवला.

"काका, आईचं कळलं मला."

"त्यात काय. मला पाठ आहे ते सगळं."

"एवढं कसं पाठ राहिलं? किती वर्षं झाली."

ते ताटातले खडे बाजूला करत राहिले. मग म्हणाले, "मी गेलो तेव्हा तुझी काकू, कुसुम, इथेच होती, एकटी. तीन महिने. परत आलो तर म्हणाली, काय काय केलंत? मी म्हटलं, काम. आणि चहा टाक म्हटलं. पुन्हा तिनेही नाही विचारलं."

मी त्यांच्या ताटातले दोन खडे वेचले.

"मग ती आजारी पडली. हॉस्पिटलात बराच काळ पडून होती. एक दिवस म्हणाली, आता तरी सांगा, तिथे काय करायचात? मी पहिल्या दिवसापासून सुरू केलं. रोज एक दिवस सांगायचो. मी आपला मशीनचं सांगत होतो रे, तिला ते नको असायचं. नळ दोन का? दोन्ही पाणी एकत्र का नाही करत? अंडं कसं करतात? बसमध्ये वर बसायचात की खाली? तिने विचारलं म्हणून मला आठवलं. नाहीतर मी कुठे बघितलं होतं काही."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. काका उठले, बंद करून आले, पुन्हा बसले.

"सगळे दिवस सांगून झाले?" मी विचारलं.

"शेवटचा राहिला. परत आलो तो. सांताक्रूझला उतरलो, टॅक्सीत बसलो, तिथवर आलो होतो. म्हटलं, उरलेलं उद्या." त्यांनी मफलरची घडी केली. "घरी पोचलो ते सांगायचं राहिलं."

"ते काकूंना ठाऊकच होतं की, काका. दार त्यांनीच उघडलं असेल ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"उघडायचं काय," ते म्हणाले, "त्या दिवशी सकाळपासून तिने कडी लावलीच नव्हती."