घर बघून वाढणारे मासे

माझं ब्लडप्रेशर वाढलं, त्याला माझी बायको कारण नाही. (हे वाक्य तिनं वाचून मंजूर केलेलं आहे.) खरं कारण डॉक्टरांनाही सापडलं नाही. त्यांनी एक गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "बद्रीनाथराव, डोकं शांत ठेवा. घरी काचेची टाकी आणा, चार मासे सोडा आणि रोज अर्धा तास नुसतं बघत बसा. प्रेशर आपोआप उतरतं."

हे डॉक्टर आमच्या पुंडलिकनगरात राहत नसावेत. आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं आठ दिवसांनी. त्या दिवशी घरोघरी लग्नघरासारखी धावपळ असते, आणि बाकीचे सात दिवस अंगणातल्या जमिनीखालच्या हौदावर काढायचे असतात. माझी बायको आशा रोज सकाळी हौदाचं लोखंडी झाकण उचलते, आत काठी घालते, काठी कुठवर ओली झाली ते बघते आणि आज कुणी किती अंघोळ करायची ते जाहीर करते. मी सरकारी कचेरीत सव्वीस वर्षं धरणांच्या पाण्याचे आकडे लिहितोय, पण काठीवरचं हे ज्ञान मला आजतागायत आलेलं नाही.

तरीपण डॉक्टरांचा शब्द. गेलो क्रांती चौकाच्या पुढच्या गल्लीत, जहांगीरभाईच्या माशांच्या दुकानात. तिथं बोटाएवढे चार मासे माझ्या मनात भरले. रुपेरी, चपळ, अंगावर काळे पट्टे.

"शार्क है साब," जहांगीरभाई म्हणाला.

मी दोन पावलं मागं सरलो.

"अजी नाम का शार्क! काटता नै. दहीभात डाले तो वो भी खाता."

"पण मोठा किती होतो?"

"साब, ये मच्छी घर देखके बढ़ती. टाकी छोटी, तो मच्छी छोटी."

मला ते एकदम पटलं. मी स्वतः सव्वीस वर्षं एकाच टेबलाला बसतोय आणि टेबलापेक्षा मोठा झालेलो नाही.

घरी आलो तर आशानं कपाळाला हात लावला. "अहो, इथं माणसं तांब्या मोजून अंघोळ करायलेत आन् तुम्ही पाण्यातच राहणारं जनावर आणलं? मांजर तरी आणायचं. ते पाण्याला शिवत नाही!"

पहिला महिना झकास गेला. दुसऱ्या महिन्यात मासे मनगटाएवढे झाले. पाचव्या महिन्यात हातभर. टाकीत चौघांना एकदम वळता येईना. एकाला वळायचं असलं की बाकीचे तिघं आधी जागा करून द्यायचे. एका सकाळी त्यातल्या दांडग्यानं अशी उसळी मारली की टाकीचं झाकण उडून टीव्हीवर आणि पाणी माझ्या चहात. त्या दिवशी माझं प्रेशर एकशे सत्तर निघालं.

"मासे रोज बघता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"आता तेच मला बघतात," मी म्हणलं.

तसाच तणतणत जहांगीरभाईकडं गेलो. "काय रे बाबा, घर देखके बढ़ती म्हणाला होतास ना?"

त्यानं गल्ल्यावरून मान वर केली. "तो फिर आपका घर बड़ा होंगा, साब."

परत घे म्हणलं तर घेईना. तलावात सोडावं तर बाहेरचे मासे इथल्या तलावात सोडू नयेत, हे पत्र आमच्याच कचेरीतून निघालेलं आणि टाईप मीच केलेलं. कापायचा तर विषयच नाही. पाच महिने ज्यांच्या डोळ्याला डोळा लावून बसलो, त्यांचा रस्सा घशाखाली कसा उतरावा? इकडं आशानं निर्वाणीचं सांगून टाकलं, "माझी आई यायच्या आत ही धुडं घराबाहेर गेली पाहिजेत. आधीच तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

सासूबाई, म्हणजे सरूबाई, देवगाव रंगारीहून येणार होत्या. आशा त्यांना आणायला बसस्टँडवर गेली. तो दिवस नेमका पाण्याचा. हौद काठोकाठ भरलेला, निळाशार. मी हौदाकडं बघितलं, माशांकडं बघितलं. (माझ्या आयुष्यातले सगळे घोळ असे दोनदा बघूनच झालेले आहेत.) एकेकाला ओल्या पोत्यात गुंडाळून अंगणात नेलं आणि दिलं सोडून.

"दिले का मासे?" आल्याआल्या आशानं विचारलं.

"दिले. लई मोठी जागा मिळाली त्यांना." यात खोटं काहीच नव्हतं.

आता आशानं हौदाचं झाकण उचलता कामा नये. म्हणून दुसऱ्या दिवसापासून काठी मी हातात घेतली. सकाळी लवकर उठायचं, झाकण उघडून मूठभर खाणं टाकायचं, काठी घालायची आणि आत येऊन आकडा सांगायचा. डोळ्याचं ऑपरेशन उरकून काळा चष्मा लावून बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "आशे, जावई लई सुधरले गं!" आशानं माझ्या हातातल्या काठीकडं एकदा बघितलं आणि पोळ्या लाटायला गेली. मला तेवढ्यावरच आनंद झाला.

पाचव्या दिवशी कचेरीतून आलो तर अंगणात ही बायकांची गर्दी! म्हणलं, सासूबाईंना काही झालं की काय. आत घुसून बघतो तर हौदाच्या झाकणावर हळदकुंकू, हिरवा खण, बांगड्या आणि फोडलेला नारळ. शेजारच्या मनकर्णाबाई घामाघूम होऊन पायरीवर बसलेल्या.

झालं होतं असं, की सासूबाई दुपारी हौदाजवळ उन्हाला बसल्या होत्या. आतून धडका ऐकू आल्या. त्यांनी मनकर्णाबाईंना झाकण उचलायला लावलं. झाकण उघडलं की खायला मिळतं, हे मीच चार दिवस शिकवलेलं. चारी तोंडं आ वासून वर आली. मनकर्णाबाईंची बोबडीच वळली. सासूबाई मात्र हात जोडून म्हणाल्या, "घाबरू नको गं. आसरा हायेत. पाण्याच्या देवी."

"मामी," मी चाचरत म्हणलं, "आसरा तर सात असतात. या चारच आहेत."

"उरलेल्या तिघी येतील मागनं. त्यांचं काय, त्या चालत येत्यात."

गल्लीतल्या बायकांनी रांग लावली. प्रत्येकीच्या वाटीत दहीभात. आसरांनी तो असा मटकावला की बायकांची भक्ती दुप्पट झाली. मी गपचूप बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. थेंब नाही.

"हौदावरच्या मोटारीची वायर काढलीय," आशा म्हणाली. "आसरांच्या पाण्यानं संडास धुवायचा व्हय?"

"अगं, मग अंघोळ?"

"पाणी यायला तीनच दिवस आहेत की."

पहिल्या दिवशी मी पिण्याच्या हंड्यातल्या वाटीभर पाण्यानं तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत बाजूच्या रामकिसननं खुर्ची खिडकीकडं सरकवली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून, दारातच थांबवून, रजा घ्या म्हणून सांगितलं. घरी आलो तर वर हे ऐकलं की यापुढं नळाचं पाणी त्या हौदात घ्यायचं नाही, दोन ड्रममध्ये भागवायचं. दोन ड्रममध्ये तीन माणसं, आठ दिवस! आता मात्र माझा धीर सुटला. कायमचं बिनअंघोळीचं जगण्यापेक्षा एकदाची अब्रू गेलेली बरी.

भर अंगणात, आरतीच्या मध्ये उभा राहिलो आणि ओरडलो, "बायांनो, थांबा! या आसरा नाहीत, मासे आहेत! जहांगीरभाईच्या दुकानातून मी आणलेत! पिशवीत घालून! हौदातही मीच सोडलेत!"

घंटा थांबली. सासूबाईंनी काळा चष्मा काढला.

"तुम्ही आणलं?"

"व्हय, मामी."

"जावईबापू, आसरा अशा कुणाच्याबी घरी येत नसत्यात. तुम्हाला वाटलं तुम्ही दुकानात गेलात. आवो, त्यांनीच नेलं तुम्हाला!"

मनकर्णाबाई माझ्या पाया पडायला वाकल्या, पण वास आला असावा, मधूनच परत फिरल्या. घंटा पुन्हा सुरू झाली. मी आशाकडं बघितलं. वाटलं, आता ही जमदग्नी होणार. तर ती शांत.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "लग्नाला तेवीस वर्षं झाली, इकडची काडी तिकडं केली नाही तुम्ही. सकाळी उठून हौदाची काठी हातात घेतली, तवाच कळलं आत काय हाय ते."

"अगं बाई! मग बोलली का नाहीस?"

"आई गेली की गुपचूप काढायला लावणार होते. पण तिनं मध्येच नवस बोलून टाकला ना. नवस फिटेपर्यंत आता हौदाला हात लावता येत नाही."

"आन् फिटल्यावर?"

"फिटल्यावर वाजतगाजत देवगावला नेईन," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या शेततळ्यात. लई पाणी हाय तिथं."

माझा जीव भांड्यात पडला. इतका सोपा मार्ग! "मामी, मग फिटलाच की नवस! तुमचा डोळा किती झकास झालाय!"

"डोळ्याला कशाला नवस लागतो? डोळा डॉक्टरनं केला."

"मग कशासाठी बोललात?"

सासूबाईंनी मायेनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुमच्यासाठीच. म्हनलं, आयांनो, माझ्या जावयाला तेवढी अक्कल येऊ द्या."

आशानं एक उसासा टाकला, पायात चपला घातल्या आणि फाटकाकडं निघाली.

"कुठं चाललीस?" मी विचारलं.

"गवंड्याला सांगायला," ती म्हणाली. "दुसरा हौद बांधायला घेऊ."