जिनदत्त पाटलांचे गोचीड

वेलदोड्यांचा स्टीलचा डबा दोन महिने सापडत नव्हता. तो प्रभावतीला सकाळी गोठ्यात, गव्हाणीच्या मागं मिळाला. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली. आत एरंडीच्या बियांएवढे टम्म फुगलेले गोचीड वळवळत होते. डबा तिच्या माहेरचा होता.

"आवं!" ती ओरडली. "झाकणाला भोकं कुणी पाडली?"

"त्यास्नी हवा नको व्हय?" तिचे यजमान जिनदत्त शांतपणे म्हणाले.

अशा उत्तराने कुणाचंही डोकं फिरेल. प्रभावतीचं आधीच फिरलेलं होतं. तिची लाडकी गाय चंद्रा दुसऱ्यांदा गोचीड-तापाने आडवी झाली होती. अंग तापलेलं, लघवी लाल, आणि दोन दिवस वैरणीला तोंड नाही. काल इंजेक्शन देऊन जाताना डॉक्टर रूपाली स्पष्टच म्हणाल्या होत्या, "ह्या खेपेला वाचली तर नशीब." फवारणीचं औषध त्यांनी पहिल्या आजारातच दिलं होतं. बाटली कोनाड्यात तशीच सीलबंद होती, कारण किडामुंगीही मारायची नाही हा पाटलांच्या जैन घरचा नेम. जिनदत्त तेव्हापासून एकेक गोचीड हाताने अलगद काढून डब्यात घालत होते.

"आन् डबा भरल्यावर काय करता?"

"बांधावर सोडतो की. गवात हाय तिथं. ऱ्हात्यात बिचारी."

"बिचारी! गाय मराय लागलीया, आन् तुमी गोचिडांचा संसार थाटून देताय!"

तेवढ्यात शेजारचा नाथाजी गवताची पेंढी घेऊन आला. चंद्रा पहिल्यांदा आजारी पडल्यापासून हा भला माणूस रोज आपल्या बांधावरचं कोवळं गवत तिच्यासाठी कापून आणत असे. आज त्याचा चेहरा उतरला होता.

"वैनी, आमची गाय बी लाल मुताय लागली," तो म्हणाला. मग त्याला डबा दिसला. "ह्ये काय?"

जिनदत्त खोटं बोलत नसत. हाही घरचा नेम. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

नाथाजीने पेंढी धाडकन खाली आपटली. "माझ्या बांधावर? अण्णा, पुण्य कमवायला तुमास्नी माझंच रान घावलं व्हय?"

"आरं, मला वाटलं मोकळी जागा हाय..."

"मोकळी! माझी गाय चरती तिथं!"

प्रभावती मात्र पेंढीकडे बघत होती. गवताच्या पात्यांवर राईपेक्षा बारीक पिल्लं वर चढत होती. यजमान सकाळी सोडून येत होते आणि नाथाजी पेंढीतून त्यांची पोरंबाळं परत आणून देत होता.

"म्हंजी तू रोज ह्येच घालतोयस माझ्या चंद्रीला?" ती नाथाजीवर उसळली.

"वैनी, मी माणुसकी केली!"

"जळ्ळी तुझी माणुसकी, आन् जळ्ळी ह्यांची दया!"

तिघांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. चंद्राला बघायला आलेल्या डॉक्टर रूपाली हेल्मेट न काढताच आत शिरल्या. सगळं ऐकल्यावर त्यांचाही पारा चढला.

"एक मादी हजारोंनी अंडी घालते, पाटील. तुम्ही ओंजळभर वाचवले, आता लाखभर मारावे लागतील. दोन्ही गोठ्यांत आणि बांधावरसुद्धा. आणि गायी दोन पडल्यात त्या वेगळ्याच!"

जिनदत्तांचं तोंड एवढंसं झालं. आपल्या हातून कुणाला इजा होऊ नये म्हणून जपणाऱ्या माणसाने शेजाऱ्याची गाय आजारी पाडली होती. ते मुकाट्याने कोनाड्यापाशी गेले आणि बाटली आणून डॉक्टरांच्या हातात दिली.

डॉक्टरांनी पंपात औषध कालवलं. नाथाजी बाह्या सरसावत पुढे झाला. "आणा हिकडं, मी मारतो."

"हो बाजूला," प्रभावतीने पंप हिसकावला. "गाय माझी हाय. एकेकाचा मुडदा पाडते."

तिने नळी चंद्राच्या कानामागं धरली. तिथं बारीक पिल्लांचा पुंजका चिकटला होता. तिने दात आवळले, डोळे मिटले. पण बोट काही दाबेना.

"काय बघताय सगळी?" ती खेकसली, आणि रागाने तिला रडूच आलं.

जिनदत्तांनी तिच्या हातून पंप घेतला. ओठ पुटपुटत होते, पण हात थांबला नाही. कानामागं, कासेच्या घडीत, शेपटीखाली, भिंतीच्या फटीत. एक जागा सुटली नाही. मग ते नाथाजीच्या गोठ्याकडे गेले आणि तिथून बांधावर.

सूर्य मावळायच्या आत प्रभावतीने ताटं वाढली. जिनदत्त पाटावर येईनात.

"आज माझा उपास," ते म्हणाले. "उद्या बी. तू जेव. तू कुठं काय मारलंस?"

"आन् एकेकाचा मुडदा पाडते म्हणून सकाळी कोण वरडत हुतं?" तिने ताट दाणकन सरकवलं. "तुमी एकट्यानं उपास करायचा आन् मी गिळत बसायचं? लाज न्हाई वाटत सांगाय?"

तिने भाकऱ्यांवर फडकं टाकलं आणि भिंतीला टेकून बसली. राग काही उतरला नव्हता.

तेवढ्यात गोठ्यातून कडब्याचा करकर आवाज आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण जागचं कोणी हललं नाही. पाटलांच्या घरात त्या संध्याकाळी एकटी चंद्राच जेवत होती.