आरोग्य हा राज्याचा विषय

दिघेसरांची आणि माझी ओळख झाली तेव्हा मी रस्त्यावर आडवी पडले होते. बडोद्यात प्रतापनगरला आमच्या सोसायटीबाहेर रेल्वेची जमीन संपते आणि महापालिकेचा रस्ता सुरू होतो. नेमक्या त्या सांध्यावरच्या खड्ड्यात माझी स्कूटर गेली. समोरून भाजीची पिशवी घेऊन सर आले, वाकून चाकं बघितली आणि म्हणाले, "हलू नका. पुढचं चाक दिल्लीच्या ताब्यात आहे, मागचं गांधीनगरच्या. तक्रार कुणाकडे करायची ते आधी ठरवू."

मला हात देऊन उठवलं ते मागून आलेल्या शालिनीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं.

सरांनी बडोद्याच्या एका कॉलेजात जन्मभर राज्यशास्त्र शिकवलं. वर्गात शिकवून भागेना, म्हणून संसारालाही राज्यघटना लागू केली. बँक, विमा, परगावचा प्रवास हे केंद्राचे विषय, म्हणजे सरांचे. स्वयंपाक, पाणी, सफाई, आरोग्य हे राज्याचे, म्हणजे काकूंचे. मुलीचं शिक्षण आणि लग्न समवर्ती, दोघांचं. "मात्र समवर्ती विषयात जुळलं नाही, तर केंद्राचं चालतं," हे सर जरा हळू आवाजात सांगायचे. मुलगी स्वतःच्या मनानं लग्न करून नाशिकला गेली, तेव्हा काकू म्हणाल्या, "आता ते परराष्ट्र धोरणात गेलं. बघा तुम्हीच."

एकदा मी त्यांच्याकडे गेले, तर ओट्यावर दूध उतू जात होतं आणि सर शेजारी उभे राहून पाहत होते.

"सर, गॅस बंद करा की."

"राज्याच्या कारभारात केंद्रानं ढवळाढवळ करू नये."

मागच्या गॅलरीतून कपडे वाळत घालणाऱ्या काकू म्हणाल्या, "मग राष्ट्रपती राजवट लावा, पण गॅस बंद करा."

सर पुस्तकी होते, दुष्ट नव्हते. काकूंच्या खात्यात त्यांनी कधी नाक खुपसलं नाही, याचा त्यांना अभिमान होता. समोरचे जयेशभाई कौतुकानं म्हणायचे, "काकीना राजमां जलसा छे," म्हणजे काकूंच्या राज्यात चैन आहे. काकूही हसायच्या.

गेल्या हिवाळ्यात काकू जिन्यातच खाली बसल्या. जयेशभाईंनी गाडी काढली, मी बरोबर गेले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "छातीत कधीपासून दुखतंय?" सर काकूंकडे बघत राहिले.

"दिवाळीपासून," काकू म्हणाल्या.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"आरोग्य माझ्याकडे होतं ना."

त्यात टोमणा नव्हता. दमलेल्या होत्या, तरी नेहमीसारख्याच हसत बोलल्या. सर त्यांचा हात धरून तसेच बसून राहिले. तिसऱ्या दिवशी काकू गेल्या.

मुलगी सरांना नाशिकला न्यायला आली होती. सर गेले नाहीत. कितीतरी दिवस ते कुणाशी फारसं बोललेही नाहीत. एका संध्याकाळी मी आमटी घेऊन गेले, तेव्हा आपणहून म्हणाले, "घटनेत राज्यपाल असतो, सुनीता. राज्यात काय चाललंय ते केंद्राला कळवायला. माझ्याकडे तो नेमायचा राहून गेला."

मी आमटी ओट्यावर ठेवली. थोड्या वेळानं त्यांनी मान हलवली.

"राज्यपाल कशाला हवा होता? शेजारच्या खोलीत होती ती. उठून विचारायचं होतं मी."

हल्ली सकाळी सर सोसायटीत एकेका दाराशी थांबतात. जयेशभाईंच्या बायकोला विचारतात, कचरा न्यायला येणाऱ्या मंजुबेनला विचारतात, "तबियत केम छे?" सुरुवातीला लोकांना ते विचित्र वाटलं. आता जयेशभाईंच्या घरात चहा केला की सरांचा कप धरूनच करतात.

परवा मला ऑफिसला उशीर होत होता. जिन्यात सर भेटले. त्यांनी तब्येत विचारली, मी "बरी आहे" म्हणून पुढे निघाले. ते पायरीवरून बाजूला झाले नाहीत.

"असं नाही," ते म्हणाले. "नीट सांग. मला वेळ आहे."