घरी गेलेला पेशंट

आर्विड लिंडक्विस्टला आठची गोळी आठ वाजता मिळाली नाही, कारण तो घरी गेला होता. घरी म्हणजे कॉम्प्युटरमध्ये. प्रत्यक्षात तो अमेरिकेतल्या डुलूथ गावच्या एका हॉस्पिटलात, चौथ्या मजल्यावर, पलंगाच्या कडेला बसला होता आणि त्याची बायको मार्लिस त्याच्या पायांत बूट चढवत होती.

न्यूमोनिया बरा झाला होता. डॉक्टर आदल्या संध्याकाळी सांगून गेले होते, "उद्या दहाला फिजिओथेरपिस्ट येईल, चालवून बघेल. नीट चाललात तर घरी. नाहीतर नर्सिंग होम." नर्सिंग होम म्हणजे तिकडे दवाखाना नव्हे, घरी सांभाळता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना ठेवायची जागा. आर्विडला कंपवात होता. गोळी वेळेवर पोटात गेली की हा माणूस दारातला बर्फ स्वतः उपसायचा, आणि तास-दीड तास उशीर झाला की त्याला खुर्चीतून उठता यायचं नाही. म्हणजे म्हातारा-म्हातारीचा सगळा संसार त्या एका गोळीवर अडकलेला होता.

आता तो घरी कसा गेला, ते ऐका. या हॉस्पिटलात रोज सकाळी पलंगांची मीटिंग भरते. कुठल्या मजल्यावर किती पलंग रिकामे, ते तिथे सांगायचं, आणि आकडा कमी असला की बोलणी खायची. म्हणून मजल्याचा कारकून टॉड, जे आज जातीलसं वाटे, त्यांना मीटिंगच्या आधीच कॉम्प्युटरमधून डिस्चार्ज देऊन मोकळा व्हायचा. सगळेच मजले हे करत, त्यामुळे यात काही गैर आहे असं कोणाला वाटत नसे.

नर्स मारिसेल गोळी आणायला औषधांच्या यंत्रापाशी गेली. हे एक भलंमोठं कपाट होतं. बोट टेकवायचं, पेशंटचं नाव निवडायचं, की नेमका त्याचाच खण उघडतो. नर्सेस कपाटाला बाईसाहेब म्हणत. बाईसाहेब आल्यापासून मजल्यावर एकालाही चुकीचं औषध गेलं नव्हतं, हे कबूल करायलाच हवं. आज मात्र बाईसाहेबांच्या यादीत आर्विडचं नावच नव्हतं.

"टॉड, माझा पेशंट कुठे गेला?"

"घरी."

"अरे, तो समोर बसलाय! बूट घालतोय!"

"मग निघालाच की."

"त्याला परत आण."

"मला फक्त घालवता येतं," टॉड म्हणाला. "आणायचं काम डॉक्टरांचं."

मार्लिसला हे कळलं तेव्हा ती उठून थेट कपाटासमोर येऊन उभी राहिली. "पोरी, आत कोणाच्या गोळ्या आहेत?"

"तुमच्याच, मार्लिसबाई. ही गोळी हॉस्पिटलात ठेवत नाहीत, म्हणून भरतीच्या वेळी तुमची बाटली घेऊन यात ठेवली."

"म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातली बाटली, माझ्या नवऱ्याची गोळी, आणि मीच इथे भिकाऱ्यासारखी उभी?"

मारिसेलने खाली फार्मसीला स्पीकरवर फोन लावला. फार्मासिस्ट फार सभ्य होता. "पेशंट घरी गेला असेल तर त्याची बाटली परत देता येईल," तो म्हणाला. "दुपारी आमचा माणूस येतो, तो खण उघडतो."

"पण पेशंट इथेच आहे!"

"इथे असेल तर परत देता येणार नाही. मग डोस द्यावा लागेल. त्याला ऑर्डर हवी."

"ऑर्डर होती ना!"

"होती. तो घरी गेला तेव्हा ती बंद झाली."

"मग तातडीचा खण उघडू का?"

"त्यात हृदय बंद पडल्यावर लागणारी औषधं आहेत. त्याचं हृदय बंद पडलंय का?"

"माझं पडेल आता," मार्लिस मागून म्हणाली.

डॉक्टर राउंडवर होते. ते सापडले, तेव्हा डिस्चार्ज रद्द करणं त्यांच्याही हातात नाही असं निघालं. पेशंटला नव्याने भरती करावं लागणार होतं. त्यांनी ते केलं. मग नवी ऑर्डर फार्मसीच्या रांगेत लागली. तोवर आर्विडचे हात कापायला लागले होते, आणि थोड्या वेळाने पाय लाकडासारखे झाले.

बरोबर दहाला फिजिओथेरपिस्ट कर्स्टन आली. सगळ्या इमारतीत वेळेवर आलेली तेवढी एकच.

"चला आर्विड, उभे राहू या?"

आर्विडने जोर लावला. तोंड लाल झालं, पण पाय हलले नाहीत.

"अगं, त्याची गोळी अडकलीय!" मार्लिस रडकुंडीला आली होती. "तासाभराने ये. मग बघ कसा चालतो तो!"

"मला वाईट वाटतंय हो, पण मला दिसेल तेच लिहावं लागतं. आणि पुढचे पेशंट थांबलेत."

तिने लिहिलं, "उभे राहता येत नाही. घरी सोडणं सुरक्षित नाही."

ती गेली आणि थोड्या वेळातच बाईसाहेबांनी खण उघडला. भिंतीवरच्या पडद्यावर मजल्याचा हिशेब तसाच हिरवागार राहिला, औषधं वेळेवर, शंभर टक्के. नव्याने भरती झालेल्या पेशंटची पहिलीच गोळी ती, तिला उशीर कसा होणार? मोठ्या नर्सबाईंनी खूश होऊन सगळ्यांसाठी डोनट मागवले. मारिसेलने आपला डोनट न खाता कचऱ्याच्या डब्यात टाकला.

पाऊण तासाने आर्विड उठला. बाथरूमला जाऊन आला, खिडकीपर्यंत गेला, मार्लिसचा कोट खुंटीवरून काढून तिच्या खांद्यांवर घातला. मारिसेलने धावत जाऊन कर्स्टनला गाठलं. पुन्हा तपासणी आता सोमवारी, आणि आज शुक्रवार. तोवर इथेच राहावं म्हटलं, तर पलंग सकाळच्या मीटिंगमध्येच दुसऱ्याला देऊन झालेला होता आणि तो दुसरा दाराबाहेर स्ट्रेचरवर कण्हत होता.

"सरळ घरी घेऊन जाते मी याला," मार्लिस म्हणाली.

"घेऊन जा," टॉड म्हणाला, "पण मग डॉक्टरांचं न ऐकता गेलात अशी नोंद होईल. घरी येणारी नर्स मिळणार नाही, आणि उद्या पडला तर विमावाले हात वर करतील."

मार्लिस आर्विडकडे बघत राहिली. तो आधी एकदा बाथरूममध्ये पडला होता, तेव्हा तिला त्याला उचलता आलं नव्हतं. तिने खांद्यांवरचा कोट काढून परत खुंटीला अडकवला.

दुपारी नर्सिंग होमच्या गाडीचा ड्रायव्हर चाकांची खुर्ची ढकलत आला. दार जड होतं. आतल्या म्हाताऱ्याने पुढे होऊन ते उघडून धरलं.

"थँक्यू आजोबा. चालता न येणारे पेशंट कुठे आहेत?"

"मीच तो."

ड्रायव्हरने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग हातातला कागद पाहिला. "बसावं लागेल आजोबा. चालत नेलं तर माझी नोकरी जाईल."

आर्विड बसला. ड्रायव्हर पट्टा बांधायला वाकला, पण त्याची गरज पडली नाही. आर्विडने दोन्ही हातांनी, जराही न थरथरता, स्वतःच तो कमरेला लावून घेतला.